अर्ध्या किमतीचा कोंडा

मार्गितनं पाव ओव्हनमधून काढला, ओट्यावर ठेवला आणि बोटानं दाबून पाहिला. पाव आत गेला. बोट काढलं तसा तो पुन्हा वर आला आणि थोडा वेळ हलत राहिला. मार्गितनं सुरी घेतली. सुरी आत गेली, पण बाहेर यायला तयार होईना.

"आर्विड, इकडे ये जरा. हे काय झालंय बघ."

आर्विड पेपर ठेवून आला. सुरीचं पातं त्यानं ओढून काढलं, तर त्याला बुळबुळीत, चिकट असं काहीतरी लागलेलं होतं.

"पीठ नेहमीचंच, यीस्ट नेहमीचं," मार्गित म्हणाली. "नवीन म्हणशील तर फक्त ओटचा कोंडा. भांडारात अर्ध्या किमतीला लागला होता ना, तो. बुधवारी बरणीभर आणला."

बुधवार म्हटल्याबरोबर आर्विडला आदला मंगळवार आठवला. मिनेसोटातल्या आमच्या गावच्या सहकारी भांडारात प्रत्येक सभासदाला पाळी करावी लागते. कुणी भाज्या मांडतो, कुणी फरशी पुसतो. सुट्ट्या धान्याची पिंपं भरायची आर्विडची पाळी मंगळवारी असायची. मार्गितची पाठ वळल्यावर त्यानं तिच्या बरणीतला चिमूटभर कोंडा पेल्यातल्या पाण्यात टाकला. बघता बघता पाण्याचा गोळा झाला. हा गोळा तो चांगला ओळखत होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज सकाळी नाक दाबून तो हेच तर पीत होता.

इसबगोल! भांडारात त्याचं आणि कोंड्याचं, दोन्ही कागदी पोती शेजारी शेजारी, रंगानं सारखीच. आणि चष्मा? चष्मा कपाळावर होता. तो कायम तिथंच असतो. माणसानं चष्मा घ्यायचा आणि कपाळाला लावायचा, मग जगाचं भलं कसं होणार सांगा!

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. भांडाराच्या फळ्यावर आर्विडच्या नावापुढे आधीच दोन लाल फुल्या होत्या. एकदा दुधाच्या कपाटाचं दार रात्रभर उघडं राहिलं तेव्हाची एक. साध्या केळ्यांना सेंद्रियचं लेबल लावलं तेव्हाची दुसरी. तिसरी फुली पडली की सभासदत्व बंद, आणि तेही एकट्याचं नाही, सगळ्या घराचं. आर्विडचं हृदय दोन वर्षांपूर्वी कुरकुरलं होतं. डॉक्टरांनी डाळी, ओट, पालेभाज्या एवढंच खायचं सांगितलेलं, आणि पेन्शनीत ते परवडायचं ते पाळी करणाऱ्या सभासदांना भांडारात सवलत होती म्हणून. शिवाय मार्गित! चर्चच्या तळघरात चार पोत्यांवर भांडार सुरू झालं तेव्हापासूनची ती सभासद. तिला हाकलायचं, तेही नवऱ्याच्या चष्म्यापायी?

"मी जरा दूध घेऊन येतो," आर्विड म्हणाला.

"दूध आहे की."

"मग ताक आणतो," म्हणून तो टोपी घालून निघालासुद्धा.

भांडारात शिरल्या शिरल्या त्यानं पिंपाकडे धाव घेतली. तळाशी थोडाच माल उरला होता. बरणी आणायची त्याला कुठली आठवण! त्यानं लोकरीची टोपी काढली, पिंपाच्या तोंडाखाली धरली आणि दांडी ओढली.

"आर्विड?"

मागे सॉल्वेग उभी. भांडाराची व्यवस्थापक. वयानं त्याच्या मुलीएवढी, पण तिच्या नजरेतून केळ्याचं लेबलसुद्धा सुटत नाही.

"रिकाम्या टोपीचं वजन केलंत का आधी?" तिनं विचारलं.

"राहिलं गं."

"मग टोपीच्या वजनाचेही पैसे कोंड्याच्या भावानं लागतील." ती हसली. "काय मागणी आहे बाई या कोंड्याला! अर्धी किंमत लावली आणि आठवड्याभरात पिंप रिकामं. आज रात्रीच्या वार्षिक जेवणाला निम्म्या लोकांनी कोंड्याचंच काहीतरी केलंय म्हणे. बेरितनं सूपात घातलाय, हाल्वरनं मसुराच्या वड्यांत. आणि मार्गितचा पाव तर असतोच."

"असतोच," आर्विड म्हणाला.

सॉल्वेग गल्ल्याकडे गेल्यावर त्यानं आतल्या खोलीतून खऱ्या कोंड्याचं पोतं ओढत आणलं आणि पिंपात रिकामं केलं. आता पुरावा नव्हता. म्हणजे भांडारात नव्हता. गावातल्या घराघरांत मात्र तो शिजत होता.

घरी येऊन बघतो तर मार्गित टेबलापाशी गप्प बसलेली. पाव समोर.

"माझा हात गेला, आर्विड."

"अगं काहीतरीच काय!"

"माझ्या आईचंही असंच झालं होतं. आधी पाव बिघडायला लागला, मग माणसं ओळखेना." ती पावाकडेच बघत होती. "आज नेत नाही मी तो. पण टेबलाचा तो कोपरा रिकामा दिसला तर लोक काय म्हणतील?"

सांगून टाकावं, असं आर्विडच्या अगदी ओठांवर आलं. पण मार्गितचा स्वभाव त्याला ठाऊक होता. कळल्या क्षणी ती फोन उचलून सॉल्वेगला सांगणार, स्वतःचं सभासदत्व जाणार असलं तरी. संस्थापकांची हीच तर खोड असते! तिचा कोपरा रिकामा दिसू नये, म्हणून त्यानं काही न सांगता पाव फडक्यात बांधला.

चर्चच्या तळघरात माणसं जमली होती. लांबलचक टेबल, त्यावर पदार्थांची रांग आणि शेवटाला कॉफीचा भलामोठा बंब. बेरितनं सूपाच्या भांड्यात डाव टाकला आणि हात काढून घेतला. डाव उभाच राहिला. हाल्वरची एक वडी ताटातून निसटून जमिनीवर पडली, टप्पा घेऊन पुन्हा उडाली आणि खुर्चीखाली गेली. हाल्वरनं इकडेतिकडे पाहिलं. सगळे छताकडे बघत होते.

आमच्या मिनेसोटात कुणी कुणाच्या हातच्या पदार्थाला वाईट म्हणत नाही. जीव गेला तरी नाही. फार तर "वेगळं आहे हं" म्हणायचं आणि ज्यानं त्यानं काय ते समजून घ्यायचं. त्या संध्याकाळी तळघरात दुसरा शब्दच ऐकू येत नव्हता.

"सूप वेगळं आहे हं, बेरित."

"वड्या वेगळ्या झाल्यात, हाल्वर."

बेरितचा चेहरा पडला, हाल्वरचा पडला. आपलं एकट्याचंच बिघडलं, असं जो तो समजत होता आणि दुसऱ्याचं खाऊन मान डोलवत होता. निदान मार्गितचा पाव तरी लोकांच्या तोंडी लागू नये, म्हणून तो त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि खायला लागला. एक तुकडा झाला, दुसरा झाला. घास घशाखाली जाईना तेव्हा वरून कॉफी ओतली. कॉफी आत गेली की पाव आणखी फुगायचा. पट्ट्याचं एक भोक सैल केलं, मग दुसरं.

"आवडलेला दिसतोय!" हाल्वर म्हणाला आणि त्यानंही शिष्टाचार म्हणून तुकडा उचलला. त्याचं बघून बाकीचेही आले. सगळे पाव घेत होते, मान डोलवत होते, पाठ करून पुढे जात होते. ताटात शेवटचा तुकडा राहिला. शेवटचा तुकडा इथं कुणी घेत नाही. एकानं त्यातला अर्धा घेतला, दुसऱ्यानं उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी नखाएवढा पाव ताटात बसून राहिला.

मार्गित स्वयंपाकघराच्या दारात कप पुसत होती. तिच्या मागच्या बाजूला बेरित कुणाला तरी हळूच सांगत होती, "बिचारी मार्गित. काय हात होता गं एकेकाळी! वय कुणाला चुकलंय?"

मार्गितचा पुसणारा हात थांबला. ती वळली नाही. आर्विडनं तिची पाठ पाहिली, वाकलेले खांदे पाहिले, आणि त्याच्या पोटात पावापेक्षाही जड असं काहीतरी बसलं.

तेवढ्यात सॉल्वेगनं पेल्यावर चमचा वाजवला. "हिशेब सांगून झाले. आता रिवाजाप्रमाणे विचारते. कुणाची काही तक्रार?"

रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी कॉफीत डोकी घातली. भांडार सुरू झाल्यापासून या प्रश्नाला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

"मला बोलायचंय," आर्विड म्हणाला.

उभं राहताना त्याला खुर्चीच्या पाठीला धरावं लागलं. "मार्गितचा हात गेलेला नाही. बेरित, तुझाही नाही. हाल्वर, तुझं माहीत नाही, तुला पहिल्यापासूनच येत नाही. कोंड्याच्या पिंपात मी इसबगोल भरलं होतं. मंगळवारी. चष्मा कपाळावर होता. आज दुपारी कळलं आणि मी गुपचूप पिंप बदललं. सांगितलं नाही, कारण... सॉल्वेग, कारण तुला माहीत आहे."

बेरित एकदम उजळली. "म्हणजे माझं सूप...? अगं बाई! तरीच म्हटलं!"

"इसबगोल!" हाल्वर पुटपुटला. "तरीच हा आठवडा मला इतका सुखाचा गेला."

पण सॉल्वेग हसली नाही. ती खाली बघत म्हणाली, "आर्विड, नियम मीच वाचून दाखवते दर वर्षी. मी डोळ्यांनी पाहिलं तर फुली. कुणी सभासदानं उभं राहून तक्रार केली तर फुली. मी काही पाहिलेलं नाही. आणि कबुली म्हणजे तक्रार नव्हे." तिनं मान वर केली. "तर पुन्हा विचारते. कुणाची तक्रार?"

डोकी पुन्हा कॉफीत. सॉल्वेग वही मिटणार, तोच स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"माझी आहे."

मार्गित हातात फडकं घेऊन पुढे आली. तिचे गाल लाल झाले होते.

"मार्गित," सॉल्वेग घाबरून म्हणाली, "त्याला फुली पडली तर तुमचंही सभासदत्व जाईल. कळतंय ना?"

"नियम मीच लिहिलेत, मला काय सांगतेस? आणि त्याच्याबद्दल बोलतंय कोण? त्याच्याशी मी घरी बोलेन." आर्विडनं पट्ट्याचं आणखी एक भोक सैल केलं. "माझी तक्रार तुम्हां सगळ्यांबद्दल आहे. दुपारपासून मी मरणाच्या भीतीनं अर्धी झालेय. सगळ्यांनी पाव घेतला, माना डोलावल्या, आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही की मार्गित, हा पाव टाकून दे! कुणी म्हटलं असतं तर मी त्या कोंड्याकडे बघितलं असतं. तुम्ही माझ्या वयाकडे बघत बसलात!"

बेरितनं मान खाली घातली. कुठंतरी खुर्ची करकरली. हाल्वर हळूहळू उभा राहिला.

"मार्गित, पाव भयंकर होता," तो म्हणाला आणि त्यानं कोटाच्या खिशातून पावाचा अख्खा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "मी खाल्लाच नाही."

पाठोपाठ बेरितनं पर्समधून आपला तुकडा काढला. कुणी हातमोज्यातून काढला, कुणी टोपीतून, एकानं तर बायबलच्या कपाटामागून. सॉल्वेगनंही खाली बघत वहीखालचा तुकडा पुढे सरकवला. मार्गितसमोर बघता बघता पावाचा ढीग झाला. तिनं ढिगाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"मग खाल्ला कुणी?"

सगळे आर्विडकडे वळले. पट्ट्याचं शेवटचं भोकसुद्धा त्याला आता पुरत नव्हतं.

"इसबगोल आहे हे माहीत असून?" मार्गितनं विचारलं.

"लोकांनी तुला 'वेगळं' म्हणू नये म्हणून."

"कसा होता? खरं सांग."

"जन्मात इतका वाईट पाव खाल्लेला नाही."

मार्गितच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदम. "सॉल्वेग, माझी तक्रार मागे."

"तक्रार नाही, फुली नाही," सॉल्वेग घाईघाईनं म्हणाली आणि वही मिटली. "आर्विड, पण यापुढे चष्मा..."

यापुढचं ऐकायला आर्विड जागेवर नव्हता. एक हात पोटावर आणि दुसरा पट्ट्यावर ठेवून तो कोपऱ्यातल्या दाराकडे पळत सुटला होता. दार धाडकन लागलं, आतून कडी वाजली, आणि तळघरातली सगळी माणसं एकदम मोठमोठ्यानं हवापाण्याबद्दल बोलू लागली.