जावयासाठी गार केलेला डबा

उन्हाळा देवाने सगळ्यांना सारखा वाटला असला, तरी जावयाला तो जास्त लागतो. सासूला कमी लागतो आणि घरच्या मुलाला लागतच नाही. शास्त्रज्ञांना हा नियम अजून सापडायचा आहे. मुरुडच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून वाडीत उतरलं की गोदूबाईंच्या घरी तो पूर्वापार पाळला जातो.

गोदूबाईंचं शिक्षण दुसरीपर्यंत (तेही अर्धं, मास्तरांची बदली झाली आणि नवे मास्तर गोदूबाईंच्या पसंतीस उतरले नाहीत). तरी घरात त्यांचा शब्द म्हणजे शासन निर्णय. फरक एवढाच, की शासन आपला निर्णय कधीमधी मागे घेतं.

यंदा धोंड्याचा महिना नेमका मे महिन्यात आला. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, ही रीत. लेक प्रणाली खारघरला दिलेली. गेली काही वर्षं ती मे महिन्यात सकाळी यायची आणि उन्हं कलायच्या आत परत जायची, कारण जावई सुजित यांना इथे गरम होतं. दिवसाउजेडी येऊन चहा पिऊन जातो तो मीटर बघणारा, लेक नव्हे, असं गोदूबाईंचं मत होतं. शिवाय घावणे हे सकाळी उठून चुलीपाशी बसून खायचे असतात. मुक्काम न करणाऱ्या लेकीला ते घालणार कसे? म्हणून यंदा पोर आठ दिवस राहणार, असं त्या विहिरीवर चारचौघींत बोलून बसल्या. बोललेलं परत गिळणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

आता सोय. मुलगा शुभम याने पर्यटकांना भाड्याने द्यायला पुण्याहून एक जुनी कॅराव्हॅन ओढून आणली होती. चाकांवरची खोली, आत पलंग, बेसिन, इवलीशी खिडकी आणि ए.सी. शुभम तिला कॅराव्हॅन म्हणे, आळी डबा म्हणे. जावयाला डब्यात ठेवायचं ठरलं.

प्रथम दुपारच्या वेळी डब्याची चाचणी घेण्यात आली. त्यासाठी गोदूबाईंचे यजमान भागोजी यांची नेमणूक झाली (अर्ज मागवले नव्हते). ते आत गेले, बाहेर आले आणि थेट विहिरीवर जाऊन कपड्यांसकट डोक्यावर कळशी ओतून बसले.

ए.सी. लावून पाहिला. घरातले पंखे मान टाकू लागले, पंप बंद पडला, आणि मग लाइटच गेली. शेजारचे सिराजुद्दीनभाई कुंपणावरून म्हणाले, "गोदूबाय, माझा पोरगा कैस मस्कतला असल्याच डब्यात राहतो. वर सावली लागते त्याला."

"मग तुम्ही मस्कतलाच का न्हाय जात? इथल्यापेक्षा तिथं तुमचं ऐकतील."

सल्ला असा नाकारून झाल्यावर त्यांनी सावलीचं काम हाती घेतलं.

वाडीतल्या झाडांची रीतसर पाहणी झाली. माडाखाली डबा ठेवावा, तर नारळ पडण्याची भीती. नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही, ही गोष्ट सर्वमान्य आहे. पण डब्याचं काय, यावर एकमत होईना. फणसाला डोळे नसतात. आंब्यावर लाल मुंग्या होत्या, आणि त्या जावई-बिवई बघत नाहीत. सबब झाडं रद्द करून मांडव घालण्याचं ठरलं.

झावळ्यांची झापं विणून मांडव घातला. डोक्यावरचं ऊन थांबलं, तर ते पश्चिमेकडून तिरपं येऊ लागलं. शुभमने न्हाणीघर बांधायला जांभ्याचे चिरे आणून ठेवले होते. गोदूबाईंनी त्या चिऱ्यांची पश्चिमेला भिंत घातली. (अंघोळ उघड्यावरही होते, आणि मे महिन्यात ती बरीही वाटते.) एकटी भिंत वाऱ्यात टिकत नाही म्हणून दुसरी घातली. दोन भिंती झाल्यावर झापांचं छप्पर त्यांना शोभेना.

मे महिन्यात पावसाआधी घरावरची कौलं उतरवून, झाडून परत चढवतात. यंदाही ती उतरवली. चढवताना फक्त जागा बदलली.

"आई, आपल्या घरावरची कौलं हायेत ती," शुभम म्हणाला.

"घर कुणाचं?"

"आपलं."

"डबा कुणाचा?"

"आपलाच."

"मग इकडचं तिकडं झालं. गेलं कुठं काय?"

"आई, अगं हे दुसरं घर बांधतोय आपण."

"घर न्हाय, सावली हाय. सावलीला भिंती असू नयेत असं कुठं लिवलंय, दाखव. तू तर बारावी झालायस."

शुभमला ते दाखवता आलं नाही. आपली शिक्षणपद्धती कुठे कमी पडते, हे यावरून दिसून येतं.

मग जमीन सारवून झाली, बारदानं भिजवून टांगली. घरातले पंखे, फ्रीज आणि पंप बंद ठेवले की ए.सी. व्यवस्थित चालतो, असा शोध लागला. घरातली माणसं बिनकौलांच्या घरात, बिनपंख्याची घामाघूम झाली. पण घरच्यांना सवय असते. ए.सी. आतली उष्णता मागच्या अंगाला बाहेर टाकतो. तिथे भागोजींची बाज होती, त्यामुळे ती वाया गेली नाही.

गारव्याची खात्री करण्यासाठी गोदूबाईंनी खोबरेल तेलाची बाटली डब्यात ठेवली. तेल थिजलं तर डबा पास. कोकणात मे महिन्यात तेल थिजलेलं कोणी पाहिलेलं नाही, त्यामुळे ही परीक्षा कडक समजायला हरकत नाही. आणि एका सकाळी बाटलीच्या काठाला खरोखर पांढरं धरलं. आनंदाने सगळे आत शिरले. तेल विरघळलं.

गोदूबाईंनी पुन्हा पुन्हा पडताळा घेतला. आत कोणी नसताना डबा गार राहण्याचं प्रमाण शंभर टक्के. शुभम आत असताना पन्नास. भागोजी असताना त्याहून कमी (विडीमुळे). निष्कर्ष उघड होता. डबा उन्हाने तापत नाही, माणसाने तापतो. त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि चावी कनवटीला लावली.

ठरल्या दिवशी प्रणाली आणि सुजित आले. जावयांना ओवाळून थेट डब्यापाशी नेण्यात आलं.

"पाव्हणं, हात लावून बघा."

सुजितरावांनी पत्र्यावर तळवा टेकला. "वा. एकदम गार आहे."

"आता काढा हात. ऊब लागते त्याला."

"आत बसू का जरा?"

"बसाल की. उद्या बसा. आज प्रवासानं तुमचं अंग तापलंय."

तोपर्यंत म्हणून डबा आणि चिऱ्याची भिंत यांच्यामध्ये गादी घालून दिली. तिथे कौलांची सावली होती, सारवलेली जमीन होती आणि खाडीवरचा वारा होता. जावई जे झोपले ते सकाळी भांड्यांच्या आवाजाने उठले. दुसऱ्या दिवशी ते जेवून जड झाले होते, तिसऱ्या दिवशी अमावास्येसारखं काहीतरी होतं, चौथ्या दिवशी अनारसे खाऊन अंगात उष्णता वाढली होती. दरम्यान ते रोज डब्यापुढे उभं राहून फोटो काढीत आणि मित्रांना फोनवर सांगत, "सासुरवाडीला कॅराव्हॅन आहे आपली. फुल ए.सी."

सातव्या सकाळी चुलीपाशी प्रणाली हळूच म्हणाली, "आई, तू आम्हाला आत घेणारच नाहीस ना?"

गोदूबाईंनी तव्यावर पीठ ओतलं, झाकण ठेवलं. "पयल्या रात्री आत घेतलं असतं, तर सकाळी उठून 'बघितला डबा, चला' म्हणून गेली असतीस."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम कशाला? तेलाला इचार."

प्रणाली हसली आणि आणखी दोन घावणे वाढून घेतले. आठाचे दहा दिवस झाले. कॅराव्हॅनमुळे जावई राहिले, असं गोदूबाई विहिरीवर सांगतात, आणि त्यात एक अक्षर खोटं नाही.

तुम्ही हे वाचून हसला असाल, तर जरा मान वळवून आपल्या बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट बघा. सोनेरी काठाचा तो टी-सेट पाहुण्यांसाठी ठेवलाय ना? काल पाहुणे आले तेव्हा तुम्ही त्यांना कागदी कपातून चहा दिला, कारण धुताना फुटला असता. गोदूबाईंनी जावयाला निदान हात तरी लावू दिला.