राज्य बुडवूं पाहणाऱ्या तेलाच्या थेंबाची हकीकत

जो टाळांत नांदतो, मृदंगांत डोलतो आणि अजीर्णांतही भक्तास विसरत नाही, त्या श्रीहरीस दंडवत घालून लिहिलें ऐसें जे: शके सोळाशें चौसष्ट, दुंदुभीनाम संवत्सरीं, चैत्रमासीं एके राज्यीं सुभानजीराजे गादीवर होते. राजे कीर्तनाचे परम वेडे. रामनवमीस बुवांचें आख्यान रंगलें आणि राजियांचा हात फणसाचे गऱ्यांकडे किती वेळां गेला याचें भान उरलें नाहीं आणि दुसरे दिवशीं सकाळीं पोट नगाऱ्यासारखें ताठलें. मग राजवैद्य नृसिंहशास्त्री पाचारिले. त्यांची परीक्षा थेंबाची. रोग्याचें मूत्र काशाचे वाटींत घ्यावें आणि काडीनें वर तिळाचे तेलाचा थेंब सोडावा. पसरला तर रोगी वांचला, गोळा होऊन बसला तर तुळशीपत्र आणवावें. शास्त्रीबुवांनीं मोरीवरील वाटी उचलून अभिमंत्रिली. आणि अभिमंत्रिलेली वाटी विसळूं नये, हा त्यांचे घराण्याचा नेम. मग थेंब सोडिला. थेंब मोत्यासारखा बसला तो हलेचना.

शास्त्रीबुवा डोळे पुसोन बोलिले, "महाराज, सूर्यास्त दिसत नाहीं."

चुलतबंधु बहिर्जीराव पुढें सरोन म्हणाले, "दादासाहेब, मग शिक्का माझे हातीं द्यावा. उगाच राज्याची आबाळ नको."

राजियांस मरणाचें भय थोडें. परंतु कीर्तनांत घोरणारा बहिर्जी प्रजा सांभाळील, हें मनास पटेना. बोलिले, "देतों बाबा. पण नवा धनी टिकाऊ आहे कीं नाहीं, तेंही शास्त्रानें पाहावें."

मग बहिर्जीरावांची परीक्षा त्याच वाटींत जाहली आणि थेंब तैसाच गोळा. बहिर्जीराव "शिक्का राहूं द्या, आधीं औषध द्या हो!" म्हणोन वैद्याचे पाय धरिते जाहले. मग दिवाणजींची परीक्षा, गोळा. सेनापतींची, गोळा. तेव्हां राजे कण्हत म्हणाले, "शास्त्रीबुवा, आतां आपली." तीही जाहली आणि शास्त्रीबुवांचा चेहरा विभूतीहून पांढरा पडला. अवघा दरबार रामनाम घेऊं लागला.

इतक्यांत भांडीं घासणारी येसाक्का वाटी शोधीत आली. "अगो बाई! रिठ्याचा फेस माखून ठेविली होती मी, धुवायची राहिली होती. कुणा मेल्यानें नेली?"

राजे उठोन बैसले. "अक्का, रिठ्यानें काय होतें?"

"महाराज, पाण्याचे अंगास ताण असतो. तो तेलाहून जबर, म्हणोन तेलास चहूंकडे ओढीत नेतो. रिठा पडला कीं पाणी सैल. मग तेलास ओढील कोण? कीर्तनांत बुवांचा सूर चढला कीं मागले पुढें सरकतात ना? आणि सूर पडला कीं जो तो घोंगडी लपेटून जागचे जागीं गोळा."

शास्त्रीबुवा म्हणाले, "परंतु नेम—"

"नेम राहूं द्या बाजूस!" म्हणोन अक्कांनीं वाटी राखेनें घासली, चार पाण्यांनीं धुतली. पुन्हा राजियांची परीक्षा जाहली. थेंब टेकला मात्र, आणि कांठापर्यंत ऐसा पसरला कीं वर सप्तरंग चमकले. मग अक्कांनीं ओवा-हिंगाचें ऊन पाणी पाजिलें आणि राजियांनीं एक ढेकर दिला, तो तोफेचा बार समजोन वेशीवरील पहारा सलामीस उभा राहिला. बहिर्जीराव हळूच म्हणाले, "दादासाहेब, शिक्का आपलेच हातीं शोभतो." शास्त्रीबुवांवर राजियांनीं राग धरिला नाहीं, वाट्या मात्र तेव्हांपासून अक्कांचे हुकमांत दिल्या.

एवं त्या दिवशीं शास्त्राधारें पांच असामी वैकुंठवासी जाहल्या; पैकीं पांचही सायंकाळीं पंक्तीस हजर होत्या, आणि शास्त्रीबुवांनीं भात दोनदां मागितला. इति हकीकत.