सातवीच्या वर्गापासून तिजोरीला धोका

सन १९४५ च्या सुमारास नरडाण्याकडच्या एका गावाच्या समितीच्या असे निदर्शनास आले, की आणखी पन्नास वर्षांनी देशाची तिजोरी रिकामी होणार आहे. रॉकेलला तेव्हाही रांग होती, साखर दिसत नव्हती. पण ही संकटे आजची असल्याने समितीच्या कक्षेत येत नव्हती.

समिती बसली मुलींच्या शाळेत. त्यासाठी मुलींना ओट्यावर काढले. त्यांत सहावी पास झालेली ताईबाई होती. गावात सातवीचा वर्ग उघडला, तर ती सातवीची फायनल परीक्षा देऊन मास्तरीण होणार होती. तो वर्ग उघडण्याचाच अर्ज आज समितीपुढे होता. तिचे कान दाराला चिकटलेले.

अध्यक्ष कापसाचे व्यापारी भिकमचंदशेठ. चिटणीस जीवरामनाना, निवृत्त अव्वल कारकून; कित्येक वर्षे पेन्शन खात असल्याने सरकारी खर्चाचे जाणकार.

"तिजोरी आटते कशानं, नाना?"

"माणसं वेळेवर मरत नाहीत, शेठ! पुढे तर आणखी लांबतील. पेन्शन, दवाखाना, सगळं सरकारच्या बोकांडी."

"पण लांबतात कशानं?"

"पाणी उकळून पितात. देवी टोचून घेतात."

"हे असलं शिकवतं कोण त्यांना?"

नानांनी छताकडे पाहिले. छत मुलींच्या शाळेचे होते.

ठराव झाला: राष्ट्राच्या दूरच्या हितास्तव सातवीचा वर्ग उघडू नये.

ताईबाई तडक आत घुसली. "नाना, तुमचं वय काय हो?"

"ब्याऐंशी! एकही दात हलत नाही."

"मग तिजोरीला सगळ्यांत महाग कोण पडलं?"

समितीने या मुद्द्याची गंभीर दखल घेतली आणि ठराव दुरुस्त केला: वर्ग न उघडल्याने होणाऱ्या बचतीतून नानांना महागाई भत्ता मिळावा, कारण इतका अनुभव मरू देणे देशाला परवडणारे नाही.

घरी आई भिकुबाई म्हणाली, "चाल, आते कपाशी येचाले."

"माय, माले मास्तरीण व्हनं शे!"

"व्हशी, पन्नास वरीसमा!"

ठरावाच्या तळाशी लिहिले होते, की या त्यागाचे फळ पुढच्या पिढीस मिळेल. ती पिढी म्हणजे हे वाचणारे तुम्हीच. अहो, तुमच्यासाठी एका आख्ख्या मास्तरणीची काटकसर केली! तिजोरी भरलेली सापडली ना?

नसेल सापडली, तरी घाबरू नका. तुमच्या घरातही सातवीला निघालेली एखादी पोर असेलच.