म्हशीच्या नावावरचं इंजेक्शन

हर्सूलच्या फकिराला आपल्या थापेचा भलताच अभिमान होता. अशी थाप, की ब्रह्मदेवाच्या बापालाही पकडता येऊ नये!

लग्नाला वर्षं लोटली, पण घरात पाळणा काही हलेना. गल्लीनं सगळा दोष त्याच्या बायकोच्या, सरूच्या पदरात टाकला होता. शेवटी शहागंजच्या डॉक्टरीणबाईंनी फकिराचेच रिपोर्ट पाहिले. "वृषणात बीज जोपासणाऱ्या पेशी असतात, बाळंतिणीजवळ दाई असते तशा. त्यांना मेंदूकडून हुकूम यावा लागतो. तुमचा हुकूमच निघत नाही! या इंजेक्शनांनी तो देऊ. पण औषध थंड ठेवा."

सरूनं कानातले मोडून औषधाचा डबा आणला. फ्रिज होता शेजारच्या कारभारीकडं.

"कशाचं हाय रं हे?" कारभारीनं विचारलं.

"म्हशीचं! गाभण राहत नाय ना!" फकिरानं ठोकून दिलं.

एक दिवस तो कामावरून परतला, तर गोठ्यापुढं ही गर्दी! कारभारी बाह्या सरसावून उभा.

"फकिरा, लई टायमावर जमलं बघ! तू कामावर, अन् म्हैस माजावर! डॉक्टर बोलवून भरवून घेतली. वर तुझा डबाबी टोचायला लावला!"

"अख्खा?"

"मंग! एवढं धूड, थोडक्यात काय भागतंय?"

फकिरा सगळ्यांदेखत ओरडला, "कारभारी, ते मला टोचायचं व्हतं! खोट माझ्यात हाय. सरूत नाय!"

सरूला हळदीकुंकवाला टाळणाऱ्या द्वारकाबाईनं मान खाली घातली. सरूच्या डोळ्यांना धार लागली. एवढं एक वाक्य ऐकायला ती किती वर्षं आसुसली होती!

कारभारीनं शरमून नवा डबा आणून दिला. टोचायचं कसं, ते सरू शिकली. फकिराची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, धीर धरा, महिने लागतील.

म्हशीला मात्र धीर कुठला! ढोरांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, गाभण! द्वारकाबाईनं धावत येऊन तिला कुंकू लावलं. सरू म्हशीच्या पोटावरून हात फिरवत राहिली. "बया, पुढं गेलीस व्हय गं!" ती म्हणाली. हात काही निघेना.

आत फकिरा सदरा वर करून, पोट पुढं काढून कधीचा ताटकळत होता. शेवटी त्यानं दबक्या आवाजात हाक मारली,

"सरू, तिचं झालं असंल तर... मलाबी टोच की!"