कॉन्स्टन्सच्या पोटातले दगड

शुक्रवारी दुपारी बरोबर चार वाजता एव्हरार्ड पिनॉकने झोपण्याच्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवला आणि तत्काळ काढून घेतला. चटका बसला म्हणून नव्हे. अंधारात मेलेल्या माशावर हात पडावा तसे वाटले म्हणून. त्याच वेळी बोटीच्या पुढच्या टोकाला, बैठकीच्या खोलीत, लोखंडी शेगडी अशी तापली होती की फडताळावरची मेणबत्ती कमरेतून वाकून तिला नमस्कार करीत होती. शेगडीच्या पाठीला पाण्याची लहान टाकी, टाकीतून निघून बोटीच्या कडेने, जमिनीलगत मागे गेलेला तांब्याचा नळ, आणि त्या नळाच्या शेवटी हा रेडिएटर. एका टोकाला उकळते पाणी, दुसऱ्या टोकाला हिमालय, आणि मधे अवघे चाळीस फूट.

इतक्यात फोन वाजला. महिनाभर बहिणीकडे मुक्काम ठोकून असलेली त्याची बायको विनिफ्रेड बोलत होती.

"झाली का खोली गरम?"

"प्रगती आहे."

"प्रगती नाही विचारली मी. गरम आहे का?"

"पुढची खोली तर अगदी..."

"पुढच्या खोलीत शेगडीला मिठी मारून झोपू का मी? हे बघ एव्हरार्ड, रविवारी चारला येतेय. आत आल्यावर कोट काढावासा वाटला तर राहीन. नाही वाटला, तर बोट विकायची आणि दोघांनी इथं हॉर्टेन्सकडे राहायचं. तिनं तुझ्यासाठी माळ्यावरची खोली झाडूनसुद्धा ठेवलीय."

एव्हरार्डने फोन ठेवला तेव्हा त्याचा हात रेडिएटरहून गार पडला होता. चाळीस वर्षे भूमिती शिकवलेला हा माणूस. वाद हे त्याचे जेवण होते. आणि मेहुणी हॉर्टेन्स ही कोणत्याही विधानावर केवळ "असेल बाई" एवढेच म्हणणारी स्त्री होती. तिच्या घरी उरलेले आयुष्य काढणे म्हणजे उपाशी मरणेच. शिवाय राहते घर विकून कालव्यावर राहायला येण्याची कल्पना सर्वस्वी त्याची होती, आणि ती त्याने विनिफ्रेडला सात मुद्द्यांत सिद्ध करून दाखवली होती.

'कॉन्स्टन्स' ही बोट त्याने घेतली तेव्हा तिचा मालक ऑब्रे स्ट्रूड वारून दोन वर्षे झाली होती आणि दोन वर्षांत तिला कोणी हात लावलेला नव्हता. पहिल्याच सकाळी टेबलावर ठेवलेले उकडलेले अंडे आपणहून निघाले, सावकाश पुढच्या दिशेने गेले आणि कडेवरून खाली पडले. एव्हरार्डने पाणसळ लावून पाहिली. बोटीचे नाक खाली होते. कालव्यावर यासारखी नामुष्की नाही; बोट कशी पाण्यावर आडव्या रेघेसारखी हवी. काठावरून जाणारे येणारे तर टपलेलेच असतात. "काय हो, डुबकी मारायचा बेत आहे काय?" असे तीन जणांनी विचारल्यावर त्याने विश्वकोशाची चौदा खोकी आणि कोळशाची सगळी पोती पुढून उचलून मागच्या खोलीत नेली. दोन दिवस कंबर मोडली, पण पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर येऊन थांबला. त्यानंतर जाणाऱ्यांनी टोप्या उचलल्या.

मग थंडी पडली, शेगडी पेटवली, आणि बोटीने एकेक दुखणे बाहेर काढायला सुरुवात केली. भिंतीवरची फळी काढली तर मागे चिकटपट्टीने बांधलेल्या विजेच्या तारा. कपाट सरकवले तर मागचे लाकूड बोटाने दाबता येईल असे मऊ. न्हाणीघराचा एक नळ कोठूनही न येता कोठेही न जाता भिंतीत शांतपणे संपत होता. हे सर्व एव्हरार्डने वहीत क्रमांक घालून लिहिले. पण दोन गोष्टींना कोणत्या सदरात घालावे ते त्याला कळेना.

एक म्हणजे ठोके. रोज शेगडी चांगली धगधगली की बैठकीच्या खोलीतून आवाज येई: ठक, ठक, ठक. मग स्तब्धता. मग पुन्हा तीन. कोणीतरी आतून दार वाजवावे तसे. विषारी धुराची सूचना देणारी घंटी त्याने पहिल्याच दिवशी बसवली होती आणि ती गप्प होती. तेव्हा धूर डोक्यात जाऊन भास होत आहेत असे म्हणण्याचीही सोय राहिली नव्हती.

दुसरी गोष्ट पावले. सोमवारी टेबलाखाली जमिनीवर ओला डाग दिसला. मंगळवारी त्याच्या पुढे दुसरा, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ. बुधवारी तिसरा, न्हाणीघराच्या दाराशी. प्रत्येक डाग लांबट, एका टोकाला रुंद, आणि प्रत्येक डाग आदल्या दिवसापेक्षा झोपण्याच्या खोलीच्या जवळ. एव्हरार्डने पट्टीने मोजले आणि वहीत लिहिले: "पायाची लांबी सव्वीस सेंटिमीटर. दिवसाला एक पाऊल. शुक्रवारपर्यंत दार." आणि शुक्रवारी पाऊल दाराशी उमटलेच.

रविवारी सकाळपासून धुके इतके दाट होते की काठावरची झाडे आहेत की नाहीत हाही मतभेदाचा विषय झाला असता. दोनच्या सुमारास त्या धुक्यातून इंजिनाची धडधड आली आणि डोरकास हेमिंग्जची कोळशाची बोट शेजारी लागली. डोरकासबाई तीस वर्षे या कालव्यावर घरोघर, म्हणजे बोटोबोटी, कोळसा घालीत आली होती. जिवंत आणि मृत अशा दोन्ही गिऱ्हाइकांविषयी ती सारख्याच आपुलकीने बोले.

"काय मास्तर, जिवंत आहात ना? तोंड असं का? कुणी मेलं काय?"

"कोणी मेलेले नाही. मला फक्त पंप सापडत नाही."

"कसला पंप?"

"पाणी आपणहून चाळीस फूट चालत जात नाही, डोरकासबाई. त्याला कोणीतरी ढकलावे लागते. म्हणजे पंप असलाच पाहिजे. सर्व कपाटे पाहिली. आता उरली फक्त जमीन. तिच्याखाली असणार."

"ऑब्रे स्ट्रूडच्या बोटीत पंप? छे हो! पण गरम म्हणाल तर..." ती शिडीवरून खाली उतरली आणि शेगडीपुढे हात पसरून उभी राहिली. "भर जानेवारीत म्हातारा बनियनवर झोपायचा. मागच्या खोलीत! खिडकी उघडी टाकून!"

"मग आता ती खोली थंड का?"

"गेला ना तो. जाताना ऊब घेऊन गेला." डोरकासबाईने आवाज खाली आणला. "नाहीतर गेलाच नसेल."

"हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही."

ठक, ठक, ठक.

दोघांनीही खाली पाहिले. आवाज त्यांच्या पायाखालून आला होता.

"हा मेला कोण?" डोरकासबाईने विचारले.

"तेच मला पाहायचे आहे," एव्हरार्ड म्हणाला. वास्तविक त्याला ते मुळीच पाहायचे नव्हते. पण वाक्य तोंडातून गेले होते, आणि एकदा केलेले विधान मागे घेण्याची त्याला सवय नव्हती. त्याने पहार घेतली, शेगडीसमोरची फळी उचकटली आणि बॅटरीचा झोत आत टाकला.

आत काळे पाणी पसरले होते, आणि पाण्यात एकमेकांना लागून सपाट दगड निजले होते. बोटीच्या तळात वजनासाठी दगड घालतात हे कोणीही सांगेल. मात्र त्या दगडांवर अक्षरे असतात असे कोणी सांगत नाही. एव्हरार्डने बाहीने शेवाळ पुसले. सुंदर, खोल, काळजीपूर्वक कोरलेली अक्षरे होती.

"टोबायस ग्रीव्ह," त्याने वाचले. "प्रेमळ पिता. मृत्यू..." तो थांबला.

"मृत्यू कधी?"

"तीस फेब्रुवारी."

डोरकासबाई मागच्या मागे बाकावर बसली. "थडग्यांचे दगड! म्हातारा दगडच कोरायचा हो, थडग्यांवरचे. चुकलेले घरी आणायचा. दगडाला खोडरबर चालत नाही म्हणायचा." एकाएकी तिचे डोळे मोठे झाले. "पण मास्तर, याचा विचार केलात का? ज्या तारखेला मेला ती तारीखच उगवत नाही. मग हा बिचारा जाणार कधी? म्हणून तर वाजवतोय!"

एव्हरार्डला उत्तर देण्याची तीव्र इच्छा झाली. खेदाची गोष्ट अशी की युक्तिवाद निर्दोष होता.

त्याने झोत पुढे सरकवला. अगदी पुढच्या बाजूला एक मोठा दगड होता. त्याचा निम्मा भाग खिळे ठोकून बसवलेल्या बाकाखाली गेला होता. उघड्या निम्म्यावर नाव नव्हते, तारीखही नव्हती. दोनच ओळी होत्या:

*मला हलवशील तर*
*गारठून मरशील.*

ठक, ठक, ठक.

डोरकासबाई कधी उठली आणि शिडी कधी चढली हे एव्हरार्डला दिसलेच नाही. बाहेरून तिचा आवाज तेवढा आला. "मास्तर, वीस पोती सांगितली होती ना? इथं पुढंच टाकतेय! मागं न्यायला मी काही आत यायची नाही!" पुढच्या टपावर धप्प, धप्प, धप्प अशी वीस पोती आदळली, इंजीन धडधडले, आणि धुक्याने बाईला बोटीसकट गिळून टाकले.

साडेतीन वाजले होते. विनिफ्रेड अर्ध्या तासात येणार होती. भुताखेतांवर एव्हरार्डचा विश्वास नव्हता. तथापि उघडी पडलेली फळी, तिच्याखालचा टोबायस आणि त्या दोन ओळी बायकोच्या दृष्टीस पडू नयेत, आणि फळी आतून उचलली जाऊ नये, याची तरतूद करण्यात काही अंधश्रद्धा नाही, असा त्याने स्वतःशी निर्वाळा दिला. त्याने फळी बसवली. तिच्यावर काहीतरी वजनदार हवे होते. मागच्या खोलीतून त्याने विश्वकोशाचे पहिले खोके उचलले आणि धावत आणून फळीवर ठेवले. मग दुसरे. मग तिसरे.

नवव्या खोक्याला ठोके थांबले.

दहावे ठेवताना फळीखालून सळसळ ऐकू आली. काळे पाणी सगळे एकवटून पुढे येत होते. चौदावे खोके ठेवून तो वळला, आणि मागे जाण्याच्या बोळात पाहतो तो काय: झोपण्याच्या खोलीच्या दाराशी जे पाऊल दोन दिवस ओलेचिंब होते ते सुकू लागले होते, आणि सर्वात ओला डाग आता टेबलाखाली होता. जो कोणी इतके दिवस पावलापावलाने खोलीकडे चालला होता, तो परत फिरला होता. परत फिरून इकडेच आला होता.

आणि मग बोटीने उसासा टाकला. उसासा शेगडीपाशी सुरू झाला, भिंतीतून सरकत ओट्यापाशी गेला, न्हाणीघरापाशी गेला, थेट मागच्या खोलीत शिरला, आणि तिथे कोणीतरी दीर्घकाळ कोंडलेला श्वास सोडावा तसा फुस्स करून संपला. एव्हरार्ड भिंतीला पाठ लावून मागच्या खोलीपर्यंत आला. का आला ते त्याला सांगता आले नसते. त्याने रेडिएटरवर हात ठेवला. रेडिएटर कोमट होता. जिवंत माणसाच्या हाताइतका कोमट. आणि बघता बघता तो अधिकाधिक जिवंत होऊ लागला.

बरोबर चार वाजता शिडी वाजली. एव्हरार्ड किंचाळला.

"मीच आहे," विनिफ्रेड म्हणाली. "किंचाळायला काय झालं? अशी काय मी मारकुटी आहे?" ती बोळातून सरळ मागच्या खोलीत गेली.  तिथून कोटाची बटणे सुटल्याचा आवाज आला. "अगबाई! इथं तर भट्टी आहे. खिडकी उघड जरा."

एव्हरार्डने खिडकी उघडली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते; ते धुक्यामुळे असल्याचे त्याने स्पष्ट केले.

"केलंस काय पण?"

"काही... बदल केले."

"आणि ही खोकी अशी वाटेत का? हे काही चालायचं नाही. उचल पाहू."

"विनी, खोक्यांना हात लावू नकोस."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य उच्चारायला इतकी अयोग्य वेळ त्याने कधी निवडली नव्हती. विनिफ्रेडने खोकी बाजूला लोटली, फळी उचलली, टोबायसकडे पाहून "काय तारीख आहे!" म्हटले, आणि पुढचा दगड वाचला. मग ती त्याच्याकडे वळली.

"आणि खालचं?"

"खालचे काय?"

"ओळ संपलेली नाही, खाली आणखी आहे. तू शेवटपर्यंत वाचलं नाहीस? तू?"

तिने पर्समधला आरसा काढला, गुडघ्यांवर बसली, हात बाकाखाली घातला आणि बॅटरीच्या उजेडात सावकाश, उलटी अक्षरे सुलटी करीत वाचू लागली.

"गरम पाणी चढावर चालतं. नाक चार इंच खाली ठेव." तिने आरसा आणखी आत सरकवला. "ऑब्रे स्ट्रूड. पंप नाही, शोधू नकोस."

एव्हरार्डने भिंतीवरच्या पाणसळीकडे पाहिले. बुडबुडा पार मागच्या टोकाला जाऊन बसला होता. नाक त्यानेच वर केले होते; तेव्हापासून ठोकत होते ते नळात कोंडलेले उकळते पाणी, आणि पावलापावलाने मागे चालले होते ते तळातले. त्याने तोंड उघडले. नाक खाली असलेली बोट ही कालव्यावरची नामुष्की असल्याचे निदान सहा मुद्दे त्याच्यापाशी तयार होते. परंतु समोरचा पक्ष दगडात लिहीत होता.

"थांब, अजून एक ओळ आहे," बाकाखालून विनिफ्रेड म्हणाली. "अंडी वाटीत ठेव."