कपाटातला पानमळा

मगदूमअण्णांच्या घरात तुम्ही देवासमोर सपाता घालून उभे राहिलात तरी कुणी काही म्हणणार नाही. पण आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्याच्यासमोर मात्र पाय उघडे लागतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, आत कुलदैवत असेल, नाहीतर सोनं. अण्णांनी दार उघडलं तर आत लख्ख उजेड, चारी बाजूंना चंदेरी कागद, आणि मधोमध कुंडीत काठीला बांधलेली एक मरतुकडी वेल. पानं मोजून पाच-सहा, तीही तोंडं पाडून बसलेली.

"मळा आहे," अण्णा म्हणाले. "मळ्यात पायताण चालत नाही."

मी त्यांची शेजारीण, मूळची पुण्याची. समोरच्याचं ऐकायच्या आधी त्यातली चूक काढायची, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, अण्णा, हे कपाट आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पानवेल आत आहे नव्हं? मग मळाच." चिकोडीकडच्या त्यांच्या गावात पानमळ्यात अनवाणीच जातात म्हणे. वेल देवाची असते. मी सपाता काढल्या.

आता खायच्या पानाची वेल बेंगळुरूत, मारतहळ्ळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात का लावायची, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्यातला अर्धा प्रश्न आमच्या इमारतीनेच सोडवला आहे. आजूबाजूच्या इमारती इतक्या खेटून आहेत की ऊन आत यायचं म्हटलं तर त्याला आडवं होऊन यावं लागेल. बाल्कनी आहे, पण तिथे वॉशिंग मशीन उभं असतं आणि उरलेल्या जागेत वारा. पानवेलीला ना ऊन सोसत ना वारा. तिला लागते सावली, ऊब आणि ओलावा. अण्णांनी बायकोचं साड्यांचं कपाट रिकामं केलं, चिकपेटेच्या बाजारातून पाइप, पत्रा आणि कॉम्प्युटरमधले छोटे पंखे आणले आणि कपाटाला दोन भोकं पाडली. एक खाली, एक वर. शांताअक्कांच्या साड्या तेव्हापासून पलंगाखाली बॅगांत आहेत.

ही भोकं म्हणजे अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान. रिंग रोडवरच्या मोठमोठ्या ऑफिसांना एसीचे पाइप बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण डोक्यातले पाइप काही निघाले नाहीत. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांचा एकच प्रश्न: "येणारी हवा कुठनं, जाणारी हवा कुठनं, आधी ते सांगा." सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून हमरीतुमरी झाली, तेव्हा अण्णा उठून म्हणाले की खोलीला खिडकी एकच आहे, माणसं तापणारच. सभा गच्चीवर हलवली. भांडण तिथेही झालं, पण लवकर संपलं.

एकदा माझ्या सासूबाई दोन महिने राहायला आल्या होत्या. माझा चेहरा बघून अण्णांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "घरात येणारी हवा दिसली, मॅडम. जाणारी हवा कुठाय?" मग रोज संध्याकाळी मी एकटीच तळ्यापर्यंत चालून यायला लागले. फरक पडला. हे मी अण्णांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आमचं खरं वाजलं ते फोडणीवरून. आमच्या दोन स्वयंपाकघरांच्या मधे एक बोळकांडी आहे, नळाचे पाइप जातात ती. इमारतीतली सगळ्यात गार हवा तिथे असते, म्हणून अण्णांनी कपाटात येणारी हवा तिथूनच घेतली होती. आणि माझ्या गॅसवरचा एक्झॉस्ट फॅनही तिथेच तोंड करून बसलेला. एका सकाळी अण्णा दारात. आज मिरचीची फोडणी होती का, म्हणून अगदी डॉक्टरच्या आवाजात विचारलं. मी म्हटलं होती, ठेचा होता, का? तर म्हणे वेलीला त्रास होतो. माझ्या घरात मी काय परतावं हे एक झाड ठरवणार, असं मी बरंच काही बोलले. पुण्याचं जे काही बरोबर आणलं होतं ते त्या दिवशी सगळं बाहेर काढलं. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी "सरी मॅडम," म्हणजे बरं मॅडम, एवढंच म्हणून गेले.

दुपारी शांताअक्का ताक घेऊन आल्या. त्यांनी सांगितलं तेव्हा मला उरलेला अर्धा प्रश्न कळला.

गावाकडचा मळा अण्णांच्या थोरल्या भावाचा, आप्पांचा. त्याच मळ्याच्या पानांवर अण्णा शिकले, डिप्लोमा झाले, बेंगळुरूला आले. पानमळ्याला वर्षातून एकदा उतरण करावी लागते. वर चढलेली वेल सोडवून खाली घ्यायची, गुंडाळून मातीत दाबायची, म्हणजे ती पुन्हा नव्याने चढते. हे काम चार हातांचं. एका वर्षी आप्पांच्या पाठीचं दुखणं निघालं, गडी मिळेना, तेव्हा अण्णांनी शब्द दिला की मी येतो. आणि नेमकं इथलं एक ऑफिस उघडायचं ठरलं, साहेबांनी सोडलं नाही, अण्णा गेले नाहीत. आप्पांनी वाट बघितली, मग मळा मोडला आणि ऊस लावला. भांडण झालंच नाही. आप्पा फक्त बोलायचे बंद झाले. सणासुदीला फोन यायचा तो शांताअक्कांना, "तो बरा आहे ना?" एवढं विचारून ठेवायचे.

आता आप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि पाडव्यानंतर ते ऑपरेशनसाठी इथे येणार होते. तेही त्यांच्या मुलाने गळ घातली म्हणून. त्यांच्याकडे कुणी कुणाची माफी मागत नाही, अक्का म्हणाल्या. विडा पुढे करायचा. समोरच्याने घेतला तर मिटलं. नाही घेतला, तर पुन्हा कुणी विषय काढत नाही, कधीच. अक्कांच्या माहेरच्या परसात आप्पांच्याच मळ्यातून नेलेली एक वेल तगून होती. अण्णांनी तिचं कांडं ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रीच्या बसने आणलं होतं.

मी अक्कांना विचारलं, बाजारात पान मिळतं की. त्या म्हणाल्या, "मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, मळा माझ्यामुळं मोडला, पान त्याच मळ्याचं पायजे."

त्या दिवसापासून मिरची परतायच्या आधी मी अण्णांना फोन करायला लागले. सासूबाईंना मी आज भाजी काय ते कधी सांगितलं नाही, पण अण्णांना सांगायची. ते खालच्या भोकाचं झाकण लावायचे, मी फोडणी द्यायची, पुन्हा फोन.

एवढं करूनही वेल सुधारेना. कपाटात तापमापकाचा काटा लावलेला होता, तापमान अण्णांना हवं तिथे. दिव्यांची उष्णता वर चढायची, वरचा पंखा ती खेचून बाहेर टाकायचा, खालून गार हवा यायची. कागदावर काढावं असं काम. तरी पानांच्या कडा वाळून कागदासारख्या वाजायला लागल्या. अण्णांनी पंखा आणखी जोरात केला. कडा आणखी वाळल्या. पाडवा जवळ येत होता आणि अण्णांची दाढी वाढत होती. येणारी हवा, जाणारी हवा हे शब्दसुद्धा तोंडातून यायचे बंद झाले, तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले ती त्यांच्याकडेच टेकले. अक्कांनी कॉफी दिली. मी नेहमीसारखी ऑफिसच्या नावाने बोटं मोडत होते. दिवसभर त्या एसीत बसून ओठ फुटतात, हाताला पांढरे ओरखडे येतात, घरी येईतो माणसाचा पापड होतो. अण्णांनी कप खाली ठेवला. माझ्या हाताकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, आणि कॉफी तशीच टाकून आत गेले.

आम्ही मागोमाग गेलो. अण्णा कपाटापुढे फतकल मारून बसले होते.

"कॉम्प्युटरची खोली केली मी," ते म्हणाले. "मळा नाही केला."

आयुष्यभर उष्णतेबरोबर ओलही बाहेर काढायची, ही त्यांची नोकरी. हात त्याच सवयीने चालले होते. त्यांनी वरचा पंखा अगदी हळू केला. निम्मे दिवे काढले, म्हणजे मुळात तापणंच कमी. खालच्या भोकापुढे ओलं गोणपाट टांगलं, हवा त्यातून गाळून येईल असं. अर्थात अण्णाच ते. पहिल्या झटक्यात इतकं ओलं केलं की कुंडीत बुरशी धरली. मग गोणपाट पिळून टांगायचं ठरलं आणि ते काम अक्कांकडे आलं. माझ्या साड्या बाहेर आणि तुमची गोणपाटं आत, असं पुटपुटत त्या दिवसातून दोनदा पिळायच्या. एकदाही विसरल्या नाहीत.

वेलीने नवं पान काढलं ते पाडव्याच्या आसपास. मी ते बघायला गेले तेव्हा सपाता कधी काढल्या ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आप्पा आले. उंच, वाकलेले, पांढरी टोपी. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला, आणि त्या चार दिवसांत दोघा भावांमध्ये जे काही बोलणं झालं ते सगळं अक्कांमार्फत. "त्याला सांग, औषधाची वेळ झाली." "त्यांना सांग, घेतलं." दोघं एकाच सोफ्यावर. रविवारी आप्पांची परतीची बस होती.

शनिवारी अक्कांनी मला जेवायला बोलावलं. एकटीने ते बघायचा धीर नव्हता त्यांना, असं नंतर म्हणाल्या. जेवणं झाली. अण्णा आत गेले, कपाट वाजलं. बाहेर आले ते हातात एक पान घेऊन. चुना लावला, कात, सुपारी ठेवली. सुपारी दोनदा खाली पडली. विडा काही नीट वळला गेला नाही. तसाच त्यांनी पुढे केला.

आप्पांनी चष्मा वर केला. विडा घेतला आणि उलगडला.  त्यांनी सुपारी बाजूला ठेवली, पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवला, शिरेवर जरा थांबले, नाकाशी नेलं.  मग त्यांनी पानाची पुन्हा घडी घातली, व्यवस्थित, आणि ते तोंडात घातलं.

"वेल कुठाय?" आप्पांनी विचारलं. अक्कांना नाही, अण्णांना.

दोघं आत गेले. मी आणि अक्का दारातच थांबलो. आप्पा त्या पत्र्याच्या कपाटासमोर उभे होते, आणि अण्णा त्यांना येणारी हवा कुठनं आणि जाणारी हवा कुठनं ते समजावत होते. थांबतच नव्हते. मळा मोडल्यापासूनचं सगळं साचलेलं जणू त्या दोन भोकांतून बाहेर येत होतं. आप्पा सगळं ऐकून घेत होते. शेवटी वरच्या कोवळ्या पानाला बोट लावून म्हणाले, "हे व्हायला येळ हाय अजून. हे खाऊन जातो."

रविवारची बस रिकामी गेली.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी मी मिरचीचं सांगायला फोन न करता सरळ गेले. अण्णा कपाटाशीच होते. दिवे आणखी मंद वाटले. काट्याकडे बघितलं तर आकडा पार खाली. एव्हाना मलाही थोडंफार कळायला लागलं होतं. मी म्हटलं, अण्णा, आत गारठा झालाय, अशाने पान वाढायचं कसं?

अण्णांनी हॉलकडे बघितलं. कान लाल झाले होते.

"स्वल्प सावकाश येऊ दे, मॅडम," ते पुटपुटले.

हॉलमध्ये आप्पा पेपर वाचत बसले होते, नव्या डोळ्याने. पेपर खाली न घेताच ते म्हणाले, "असू दे पोरी. विडा दिला त्या दिवसापास्नं गारच ठेवतोय त्यो. मला काय कळत नाही व्हय?"