नलूताई दार उघडतात

मार्चचा पहिला रविवार, दुपारचे तीन. विषय घराचं नूतनीकरण, रक्कम एक लाख ऐंशी हजार पौंड. हजर: अध्यक्ष डॉ. गोरे, आर्किटेक्ट, खजिनदार म्हणून मी, आणि बोलावलेलं नसताना नलूताई.

लेस्टरमध्ये आमच्या मंडळाचं विद्यार्थिनींसाठी जुनं तीनमजली घर आहे. नलूताई तिथल्या वॉर्डन. त्यांची ख्याती अशी, की आजवर त्यांनी एकाही मुलीला दाराची किल्ली दिलेली नाही. मुलीने घंटा वाजवायची, दार नलूताई उघडणार. नुसतं उघडून भागत नाही. पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून "जेवलीस?" असं विचारणार. सँडविच त्या जेवणात धरत नाहीत. तिशीला टेकलेली, पीएचडी करणारी मुलगीसुद्धा उंबऱ्यात उभी राहून जेवणाचा जबाब द्यायची. ताई याला शिस्त म्हणत. मी चोंबडेपणा म्हणतो.

घराची दशा अशी, की एका बाथरूमवर सहा मुली, वायफाय फक्त जिन्यात आणि भिंतींना बुरशी. हल्लीच्या मुली हे का सोसतील? निम्म्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. पाडा, हलवा, फोडा, नलूताईंची कशालाच हरकत नव्हती. भांडण फक्त दाराचं. आर्किटेक्टने फॉब दाखवला. बटणाएवढा, टेकवला की दार उघडतं. ताईंनी तो मेलेलं झुरळ उचलावं तसा चिमटीत धरला.

"अहो खजिनदार, दार उघडायला माणूस नसेल तर त्याला घर नाही, लॉज म्हणतात."

"ताई, लॉजमध्ये निदान गरम पाणी असतं," मी म्हटलं.

ठराव दोन विरुद्ध एक असा मंजूर झाला. त्या एकीला मताचा अधिकारच नव्हता.

सप्टेंबरात मुली राहायला आल्या. राहिलेली कामं तपासायला मी एका संध्याकाळी गेलो. दाराजवळच्या जुन्या खुर्चीवर नलूताई बसलेल्या. आता तिथे त्यांचं काहीच काम नव्हतं, पण हे त्यांना सांगणार कोण?

बीप झालं. गुडघ्यांवर हात टेकून ताई अर्ध्या उठल्या. तोवर मुलगी आत आली. कानात इअरबड्स, हात हलवून ती जिना चढूनही गेली. ताई बसल्या. पुन्हा बीप, पुन्हा अर्ध्या उठल्या. तोंडातून फक्त "जे" एवढंच निघालं.

इलेक्ट्रिशियन शिडीवर चढून जुनी घंटा काढायच्या तयारीत होता. करारात ते काम होतं. मी त्याला थांबायला सांगितलं, बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि खिशात फॉब असताना घंटा वाजवली.

दार उघडायला बराच वेळ लागला. नलूताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फॉब विसरलात ना? मला ठाऊकच होतं. जेवलात?"

"सँडविच खाल्लं."

"म्हणजे नाही. या आत."

कंत्राटदाराला ठरलेली रक्कम पूर्ण दिली. घंटा जागच्या जागी ठेवून तिची तार नवी घातल्याचे पंचेचाळीस पौंड इलेक्ट्रिशियनला वेगळे दिले. ते मंडळाच्या हिशोबात सापडणार नाहीत.